पुडीवर नाव नव्हतं

औषधाच्या दुकानात सगळ्यात महत्त्वाची वस्तू कोणती, असं कोणी विचारलं तर मी कात्री म्हणतो. शहरात दहा गोळ्यांची अख्खी स्ट्रिप विकली जाते. आमच्या गोंदियाजवळच्या गोरेगावात माणूस म्हणे, ‘दोनच द्या भाऊ, बरं वाटलं त पाहू.’ मग घ्या कात्री आणि कापा. स्ट्रिपच्या एका टोकाला औषधाचं नाव असतं, दुसऱ्या टोकाला तारीख. ज्याच्या वाट्याला मधल्या गोळ्या आल्या, त्याला नाव नाही आणि तारीखही नाही. त्यानं फक्त माझ्या तोंडाकडे बघायचं आणि गिळायचं.

गोंदिया जिल्हा नवा झाला त्या वर्षी, म्हणजे १९९९ ला, मी डी.फार्म.चा कागद काचेत घालून भिंतीवर टांगला आणि दुकान उघडलं. पुढे सतरा वर्षांनी गुडघे बोलायला लागले तेव्हा बंद केलं. मधल्या काळात मी किती खोकले आणि किती जुलाब थांबवले याची गोष्ट सांगायला बसलो तर तुम्हालाच झोप लागेल. म्हणून झोपेचीच गोष्ट सांगतो. ती सांगताना माझी चूकही सांगावी लागते, त्याला इलाज नाही.

झोपेची गोळी हे आमच्याकडे उघड मागायचं औषध नव्हतं. एकदा बाजाराच्या दिवशी काउंटरवर ही गर्दी, आणि त्यात एका सभ्य गृहस्थांनी हळूच विचारलं, ‘झोपेची गोळी आहे काय?’ मागे मेथीची जुडी घेऊन उभी असलेली बाई फटकन म्हणाली, ‘काऊन जी, डोकं सरकलं काय?’ सगळे हसले. ते गृहस्थ खोकल्याची बाटली घेऊन गेले आणि पुन्हा कधी माझ्या दुकानाची पायरी चढले नाहीत. त्यांना खोकला नव्हता.

त्यानंतर मी पुडीची युक्ती काढली. गोळ्या स्ट्रिपमधून सोडवायच्या, खाकी कागदाच्या पुडीत भरायच्या, वर निळ्या पेनानं एक चंद्र काढायचा. चंद्र म्हणजे रात्री एक. बाकी नाव नाही, गाव नाही. माणूस यायचा, ‘भाऊ, माझी पुडी’ म्हणायचा, मी पाठीमागच्या खणातून काढून द्यायचो. कोणी विचारलंच, तर धडधडीची गोळी आहे म्हणायचो. धडधड कोणालाही होऊ शकते, तिच्यात लाज नाही. ही गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाही, आणि चिठ्ठीवर असतील तितकेच दिवस द्यायची असते. चिठ्ठी मी बघायचो. ती कधीची आहे, हे मात्र बघायचो नाही. माझ्या या युक्तीचं पाच-सहा डॉक्टरांनी कौतुक केलं होतं, आणि मी ते कौतुक पुढची पाच-सहा वर्षं पुरवून खाल्लं.

पुडीवाल्यांमध्ये गोंदियाचे एक शेठ होते. गावात ओळखीचे दुकानदार भरपूर, म्हणून मुद्दाम गोरेगावपर्यंत स्कूटरवर यायचे. एक दिवस सकाळी शटर वर करतो तोच दारात उभे. चेहरा लाल.

‘भैया, ये कैसी गोली दी आपने? मेरी बेटी की शादी पक्की हो गई!’

‘अभिनंदन, शेठजी.’

‘काहे का अभिनंदन? पक्की मैंने की है, और मेरे को ही पता नहीं!’

झालं होतं असं, की शेठजींनी जेवण करून गोळी घेतली आणि झोप येईपर्यंत जरा टीव्ही बघत बसले. तेवढ्यात रायपूरच्या पाहुण्यांचा फोन आला. शेठजी अर्धा तास नीट बोलले, नीट हसले, मुलाच्या मामाची तब्येत विचारली, आणि शेवटी ‘हमारी तरफ से हाँ समझिए’ म्हणून फोन ठेवला. सकाळी उठले तेव्हा यातलं अक्षर आठवत नव्हतं. घरात मिठाई वाटायला सुरुवात झाली होती. (मुलगा चांगला निघाला. लग्न झालं. मला पत्रिका आली नाही.)

ही गोष्ट सांगून मी वर्षभर सगळ्यांना हसवलं. पण त्या दिवशी दुपारी मी एक शहाणपणही केलं होतं. गोळ्यांच्या डब्यात एक घडी घातलेला कागद असतो, इंग्रजीत, अक्षरं खसखशीएवढी. तो कोणी वाचत नाही, दुकानदार तर नाहीच. मी भिंग घेऊन तो वाचला, मग नागपूरला शिकत असताना घेतलेली जुनी पुस्तकं काढली, आणि आमच्या डॉक्टरांनाही विचारलं. मला कळलं ते साध्या भाषेत सांगतो. दिवसा आपण जे नवं बघतो, ऐकतो, शिकतो, ते दिवसा नुसतं ठेवलेलं असतं. ते पक्कं करायचं काम मेंदू रात्री करतो, आपण झोपलेले असताना. ही गोळी झोप आणते, पण त्या झोपेची वीण वेगळी असते. माणूस आठ तास निपचित पडतो आणि रात्रीचं काम अर्धवट राहू शकतं. जुनं पाठ झालेलं जात नाही. नवं मात्र टिकेलच असं नाही. सगळ्या गोळ्या सारख्या नसतात, सगळी माणसंही नसतात, आणि मोठमोठ्या डॉक्टरांचंही यावर एकमत नाही असं ते म्हणाले. मी ‘हो का’ म्हटलं आणि कागदाची घडी घालून परत डब्यात ठेवली. घडी घालून ठेवली, हेच पुढे माझ्या मनाला लागून राहिलं.

आता भिंतीबद्दल सांगतो. माझ्या दुकानाची उजवीकडची भिंत आणि पटले सरांच्या टायपिंग इन्स्टिट्यूटची डावीकडची भिंत एकच होती, आणि तीही एका विटेची. सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत पलीकडे दहा मशिनं खडखडायची. पहिले सहा महिने माझं डोकं उठलं. मग कान तयार झाला. नवा मुलगा कोणता, अडखळतो कोण, पळवतो कोण, हे मला न बघता कळू लागलं.

पटले सर मोठे शिस्तीचे. त्यांचा एक नियम होता, की कोणालाही दिवसातून एका तासाच्या वर मशीन द्यायचं नाही. पोरं मागे लागायची, ‘सर, अजून अर्धा तास, आता बोटं बसून राहिली.’ सर म्हणायचे, ‘रोवणी झाल्यावर धान कोणी उपटून पाहतो काय, मूळ धरलं का म्हणून? घरी जा, जेव, झोप. उद्या बोटं आपोआप चालतील.’ आणि खरंच चालायची. काल संध्याकाळी एका ओळीवर दहादा अडलेलं पोरगं आज आल्या आल्या तीच ओळ सरळ काढायचं. रात्रीत त्याला कोणी शिकवलेलं नसायचं. भिंतीच्या अलीकडून मी हे वर्षानुवर्षं ऐकलं होतं, आणि त्याचा माझ्या खणातल्या पुड्यांशी काही संबंध असेल असं एकदाही डोक्यात आलं नाही.

शीला रामटेके या बाई २००३ च्या सुमाराला या दोन्ही दुकानांत यायला लागल्या. नवरा सरकारी कार्यालयात लिपिक होता. कोहमाऱ्याहून मोटरसायकलवर येताना महामार्गावर ट्रकखाली गेला. घरी सासू आणि सात वर्षांची मुलगी. नवऱ्याच्या जागी शीलाबाईंना अनुकंपेवर नोकरी लागली, पण एका अटीवर: दोन वर्षांत मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हायची, नाही तर नोकरी जाणार. बाई बारावी झालेल्या, हुशार, बोलायला नीटनेटक्या. परीक्षा सहा महिन्यांतून एकदा. म्हणजे हातात मोजून काही संधी.

त्यांची पुडी मात्र टायपिंगच्या आधीची. नवरा गेला त्या आठवड्यात डॉक्टरांनी पंधरा दिवस झोपेची गोळी लिहून दिली होती. चिठ्ठी घेऊन सासू आली होती. मी सासूच्या हातात चंद्राची पुडी दिली आणि नेहमीप्रमाणे म्हटलं, धडधडीची आहे, रात्री एक. पंधरा दिवसांनी बाई स्वतः आल्या. ‘भाऊ, ते धडधडीची पुडी द्या. ते घेतली का बरं वाटते.’ मी दिली. मग महिन्याला देऊ लागलो. घड्यांवर चिठ्ठी फाटायला लागली, तेव्हा ऑफिसात कामाला लागलेल्या त्या बाईनं काय करावं? तिनं ती लॅमिनेट करून आणली. पंधरा दिवसांची चिठ्ठी, प्लॅस्टिकमध्ये, आयुष्यभर टिकेल अशी. मी हसलो, आणि गोळ्या दिल्या.

शीलाबाईंची बॅच संध्याकाळी सहाची, भिंतीला लागून असलेल्या मशीनवर. त्यांचा आवाज मला आठवड्यात ओळखू यायला लागला. सहाला सुरुवात तुटक, एकेक अक्षर शोधत. साडेसहाला जरा सुधारणा. सातच्या ठोक्याला चांगली सलग ओळ. आणि दुसऱ्या दिवशी सहाला पुन्हा तुटक, पहिल्या दिवसासारखं. वर्षभर हेच. त्यांच्यानंतर आलेली पोरं परीक्षा देऊन गेली. पहिली परीक्षा बाईंनी दिलीच नाही, दुसरीत नापास झाल्या.

एक दिवस पटले सर माझ्याकडे ॲसिडिटीची गोळी घ्यायला आले आणि काउंटरवर कोपरं टेकून बसले.

‘तीस वर्षांत असं पाहिलं नाही मी,’ ते म्हणाले. ‘बाई मेहनती आहे. संध्याकाळी बोटं बसतात, दुसऱ्या दिवशी उडालेली असतात. रात्री कोणी चोरून नेते काय, समजून नाही राहिलं.’

माझ्या हातातली कात्री तशीच राहिली. रात्री कोण चोरून नेतं, ते मला माहीत होतं. तो चोर माझ्या पाठीमागच्या खणात होता आणि पुडीवरचा चंद्र मी काढला होता.

इथपर्यंतची चूक अजाणतेपणी झाली असं म्हणता येईल. यानंतरची मी शुद्धीवर असताना केली. तिसरी परीक्षा आठ दिवसांवर होती. मी हिशेब केला: गोळी बंद, तर झोप खरी, तर बोटं बसतील. आणि बाईंना खरं सांगायचं, तर दीड वर्षाचं खोटं उघडं पडणार. तेव्हा मी दोन्ही कामं एका वाक्यात उरकली. बाई पुडी मागायला आल्या तेव्हा म्हटलं, ‘माल संपला ताई, वरूनच आला नाही.’ रोज घेतलेली ही गोळी एकदम तोडायची नसते, हे डी.फार्म.च्या पोरालाही माहीत असतं. मला परीक्षेत विचारलं असतं तर पूर्ण उत्तर लिहिलं असतं.

बाई सात रात्री जवळजवळ जाग्या होत्या. परीक्षेला गोंदियाला गेल्या तेव्हा हात थरथरत होते. मशीनमध्ये कागद सरळ बसेना. पटले सरांनी मला नंतर सांगितलं, की त्यांनी अर्धं पानही न करता कागद काढून दिला आणि बाहेर येऊन पायरीवर बसून राहिल्या. आता एकच परीक्षा उरली होती.

दोन दिवसांनी दुपारी बाई दुकानात आल्या. दुसरं कोणी नव्हतं. ‘भाऊ, माल आला काय?’

मी स्टुलावरून उठलो. बसून सांगायची ती गोष्ट नव्हती. ‘ताई, ती पुडी धडधडीची नव्हती. झोपेची गोळी होती. दीड वर्ष. आणि माल संपला नव्हता.’

काउंटरवर हाताची बोटं पसरलेली होती, ती हळूच मागे घेतली.

‘मग मले काऊन नाही सांगितलं?’

‘लोकं काय म्हणतील म्हणून.’

‘लोकं म्हणजे कोण जी? इथं त तुम्ही अन् मी होतो.’

मी काउंटरवरची कात्री उचलून खणात टाकली.

‘गोंदियाच्या डॉक्टरकडे गेली होती मी,’ त्या म्हणाल्या. ‘म्हटलं, काही ध्यानात नाही राहत. त्यानं पहिलाच सवाल केला, झोपेची गोळी घेता काय? मी छाती ठोकून नाही म्हटलं. त्यानं टॉनिक लिहून दिलं.’

ते टॉनिकही मीच विकलं होतं.

‘माझा माणूस गेला, त्या दिवसाचं सगळं आठवते मले. त्याची एक चप्पल रस्त्यावर होती, ते आठवते. ज्याच्यापायी गोळी खाल्ली, ते त सगळं जागच्या जागी आहे. पोरगी म्हणते, आई, शाळेच्या सहलीले तू आली होती, नवेगाव बांधच्या तळ्यावर, तू मले पाखरं दाखवली. मले एक पाखरू नाही आठवत, भाऊ. सासू म्हणते तुझं डोकं गेलं, सोड नोकरी. मलेही वाटलं, गेलंच.’

आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. आयुष्यात इतकी लाज मला दुसऱ्या कोणत्या दिवशी वाटलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुकान बंद ठेवून त्यांच्याबरोबर आमच्या डॉक्टरांकडे गेलो आणि जे झालं ते सगळं सांगितलं. डॉक्टरांनी लॅमिनेट केलेली चिठ्ठी हातात घेतली, उलटीसुलटी केली, आधी माझ्याकडे बघितलं आणि मग बराच वेळ बघितलंच नाही. नवी चिठ्ठी लिहिली. आधी होती तितकी गोळी परत सुरू, मग दर काही आठवड्यांनी थोडी कमी. पाऊण, अर्धी, पाव. मी ब्लेडनं गोळ्या कापायचो. पाव गोळी कापणं कठीण असतं, भुगा होतो. अशा गोळ्या बाजूला काढून मी दुसऱ्या कापायचो. प्रत्येक पुडीवर औषधाचं पूर्ण नाव आणि आठवडा लिहायचो. बाई पुडी घ्यायच्या, काउंटरवरच उघडून मोजायच्या, नाव वाचायच्या आणि जायच्या. माझ्याशी बोलायच्या नाहीत. पहिले दोन महिने रात्री वाईट गेल्या, हे मला पटले सरांकडून कळायचं. सरांनी त्यांना एका तासाच्या वर मशीन तेव्हाही दिलं नाही.

चौथ्या महिन्यात एका संध्याकाळी सहा वाजता भिंतीपलीकडे मशिनं सुरू झाली. मी एका माणसाची सर्दीची गोळी कापत होतो. बाईंच्या मशीनचा आवाज आला, आणि तो तुटक नव्हता. कालच्या सात वाजताचा होता. पहिलीच ओळ, सरळ, घंटी वाजेपर्यंत. मग दुसरी.

‘भाऊ, गोळी देता, का मी जाऊ?’ सर्दीवाला ओरडला.

‘थांब बाबू,’ मी म्हटलं, आणि तिसरी ओळ ऐकून मगच गोळी कापली. त्याला एक जास्त गेली. परत मागितली नाही.

शेवटच्या परीक्षेच्या आधी मी हिंमत करून बाईंकडे एक काम दिलं. म्हटलं, सराव म्हणून मला चिठ्ठ्या टाइप करून द्या, पुड्यांवर लावायला. मजकूर मी एका कागदावर लिहून दिला, दोन ओळी: ‘झोपेची गोळी. रात्री एक.’ आणि खाली, ‘डॉक्टरने सांगितले तितकेच दिवस.’ त्यांनी कागद घेतला. घडी घालून पर्समध्ये टाकला आणि गेल्या.

निकाल लागला तेव्हा बाई पास होत्या. काठावर, पण पास. नोकरी पक्की झाली. पटले सरांनी इन्स्टिट्यूटमध्ये बुंदीचे लाडू वाटले, भिंतीच्या अलीकडे एक मला पाठवला. संध्याकाळी बाई आल्या, पोरगी बरोबर होती. काउंटरवर कागदांचा एक गठ्ठा ठेवला. एका पानावर दहा चिठ्ठ्या, समास सरळ, कापायला जागा सोडलेली.

‘वाचून पाहा,’ त्या म्हणाल्या. ‘एकही चूक नाही निघणार.’

मी भिंग घेऊन वाचलं. चूक नव्हती. पण प्रत्येक चिठ्ठीवर माझ्या दोन ओळींखाली तिसरी एक ओळ होती: ‘दुकानदार सांगत नसेल, तर विचारा.’

‘ही ओळ मी दिली नव्हती, ताई.’

‘नाही. ते माझी आहे.’ त्यांनी पोरीचा हात धरला. ‘लावाची असन त पुरी लावा. कात्री नका चालवू.’

मी कात्री चालवली ती फक्त कडेकडेनं. गठ्ठा संपला तेव्हा झेरॉक्स काढल्या, त्या संपल्या तेव्हा आणखी काढल्या. टायपिंगची मशिनं गेली, पलीकडे मोबाइलचं दुकान आलं, तरी माझ्या पुड्यांवर त्याच मशीनची अक्षरं होती. काही गिऱ्हाइकं तुटली, पण जी राहिली त्यातलं कोणी ना कोणी दर आठवड्याला चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून तिसऱ्या ओळीवर थांबायचं.

‘काऊन भाऊ, तुम्ही सांगत नव्हते काय?’

‘नव्हतो,’ मी म्हणायचो.